नायकाचं माप

आमच्या प्रकाशनाच्या ऑफिसात तिला सगळे 'धाकधूक' म्हणायचे. तोंडावर नाही अर्थात. तोंडावर ती 'मॅडम' होती, कारण तिच्या प्रेमकथा खपत होत्या. पण जिन्यात तिच्या चपला वाजल्या की कॉम्प्युटरवर पानं लावणारा म्हणायचा, "आली धाकधूक," आणि पुढचा तासभर कोणाला काम सुचायचं नाही. मुखपृष्ठावरची मुलगी जरा जास्तच खूश दिसतेय का? पान बावीसवर 'हुरहूर' दोनदा आलीय, चालेल? पुस्तक छापून झालं आणि मग चूक सापडली तर? एकदा मी वैतागून म्हणाले, "तर मी राजीनामा देते आणि तुम्ही संन्यास घ्या." तिने गंभीरपणे मान हलवली आणि विचारलं, "पण आधी कोण?"

मी तिथली मुद्रितशोधक, म्हणजे छापायच्या आधी चुका शोधणारी बाई. बावीस वर्षं लाल पेन हातात धरल्यावर माणूस खडूस होतोच. मला कोणी मनापासून पत्र पाठवलं तरी आधी त्यातली वेलांटी दिसते, मग मन. प्रेमकथांचा तर मला मनस्वी कंटाळा. त्यातली माणसं कधी दात घासत नाहीत. हिच्या कथांतली घासायची. ऐन भांडणात दूध उतू गेलं का बघायला धावायची, रुसायचं असलं तरी आधी गॅस बंद करून मग रुसायची. म्हणून तिची पानं टेबलावर आली की मी बाकीचं काम बाजूला सारायचे. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही.

ती राहायची ऑफिसपासून दोन चौक पलीकडे. पुढच्या खोलीत नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान, मागे दोन खोल्या, वरच्या मजल्यावर नणंद. दुकानातलं कापड बेतायचं लांब टेबल हेच तिचं लिहायचं टेबल. सकाळी सहा ते नऊ ते तिचं. नऊला नवरा शटर वर करायचा, तेव्हा नायक-नायिका ज्या अवस्थेत असतील त्या अवस्थेत त्यांना फायलीत घालून ती काज-बटणाला बसायची. दिवसभर हात शिवायचे आणि डोकं पुढचं पान जुळवायचं. तिच्या हस्तलिखितातून दोऱ्याचे तुकडे निघायचे, खडूची पूड निघायची. एकदा टाचणी निघाली ती माझ्या बोटात गेली. मी समासात लिहिलं, 'लेखिकेने कृपया पानं झटकून पाठवावीत.' पुढच्या वेळी तिने प्रत्येक पानावरून लोहचुंबक फिरवून पाठवलं, आणि तसं पहिल्या पानावर लिहूनही ठेवलं.

नवऱ्याला सगळे टेलरच म्हणायचे. उंच, जरासा वाकलेला, बोलण्यात काटकसरी माणूस. जन्मभर कात्री चालवून उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरलेला. मी एकदा त्याच्याकडे कोट शिवायला टाकला होता. अंगाला टेप लावायच्या आधी तो म्हणाला, "टेप लावतो हं, ताई." बाहीच्या वेळी पुन्हा, "टेप लावतो हं." मला वाटलं, मी बाई आहे म्हणून. पण माझ्यामागून आलेल्या सहा फुटी ट्रक ड्रायव्हरलाही तो तसंच म्हणाला, आणि ड्रायव्हर लाजला. "मलाही तसंच विचारतात," ती काजं करता करता म्हणाली. "लग्नाला इतकी वर्षं झाली तरी." निघताना उघड्या कपाटाचं दार माझ्या कोपराला सडकून लागलं. "ते असंच असतं," ती म्हणाली.

ह्या दोघांचा एक रिवाज होता. पुस्तक लिहून झालं की ऑफिसात द्यायच्या आधी ती त्याला मोठ्याने वाचून दाखवायची. बुधवारी दुकानाला सुट्टी. जेवणं झाली की तो शटर अर्धं खाली ओढून टिपा घालायला बसायचा आणि ती टेबलाच्या टोकाला बसून वाचायची. तीन-चार बुधवारांत पुस्तक संपायचं. पहिल्या पुस्तकात नायक आला तेव्हा टेलरने मशीन थांबवलं. "थांब. ह्याचे कपडे शिवायचे झाले तर? खांदा किती ह्याचा?" तिने कागद मांडीवर ठेवले आणि दोन्ही हात समोर हवेत धरले. "एवढा असेल." तो उठला, "टेप लावतो हं" म्हणाला, तिच्या दोन तळव्यांमधलं अंतर मोजलं आणि मापवहीच्या शेवटच्या पानावर नायकाच्या नावाने लिहून ठेवलं. उंची, छाती, कंबर तो वर्णनावरून अंदाजाने टाकायचा. खांदा मात्र तिच्या हातांवरून. तेव्हापासून एकोणीस वर्षांत दहा पुस्तकं, दहा नायक, दहा मापं. "माझ्या नायकांना कपड्यांची ददात नाही," असं ती ऑफिसात सगळ्यांना सांगायची.

चौथ्या पुस्तकाचा नायक जहाजावरून परतलेला खलाशी होता. केस अगदी बारीक कापलेले, हे पान बारावर स्पष्ट. पान सत्तेचाळीसवर तो एक पत्र वाचायला वाकतो, आणि वाकण्याआधी एका हाताने मानेवरचे केस वर उचलून धरतो. मी समासात लाल पेनाने विचारलं, 'केस नाहीत तर उचलतोय काय?' मग सवयीने मला शंका आली म्हणून आधीची तिन्ही पुस्तकं काढून पाहिली. पहिल्यातला मास्तर, दुसऱ्यातला डॉक्टर, तिसऱ्यातला रेडिओ दुरुस्त करणारा, तिघेही वाचायला वाकताना मान मोकळी करत होते. मी खाली भर घातली, 'सगळ्यांना एकच खोड कशी?'

दुसऱ्या दिवशी ती आली ती चेहऱ्यावरचा रंग उडालेल्या अवस्थेत. "हे अजून कोणी वाचलं?" मी नाही म्हणाले तरी तिला खरं वाटेना. तिने मला चहाच्या खोलीत नेलं, दार लावलं, पुन्हा उघडून बाहेर कोणी नाही ना बघितलं, पुन्हा लावलं. मग सांगितलं. विशीत ती एका औषधाच्या दुकानात नोकरीला होती. तिथे औषधं काढून देणारी एक मुलगी होती. डॉक्टरांचं अक्षर लावायच्या आधी ती मानेवरचे केस हाताने वर धरायची, त्याशिवाय म्हणे तिला अक्षर लागायचं नाही. "दोन वर्षं आम्ही मैत्रिणी होतो," ती म्हणाली, आणि मग, "नाही, मैत्रिणी नाही. प्रेमात होतो." पुढे ती मुलगी दुसऱ्या गावी गेली. पत्रं आधी लांब होती, मग आखूड झाली, मग थांबली. त्यानंतर दोन वर्षांनी हिला टेलर भेटला, आणि ती त्याच्याही प्रेमात पडली. कोणी ढकललं नव्हतं.

"लोकांना वाटतं, एक खरं असलं की दुसरं खोटं असणार," ती म्हणाली. "ताई, माझी दोन्ही खरी आहेत. त्याला बायसेक्शुअल म्हणतात. मला तो शब्दच पस्तिसाव्या वर्षी सापडला. त्याआधी वाटायचं, माझ्यातच काहीतरी अर्धवट शिवून ठेवलंय."

"टेलरना माहीत आहे?"

"नाही. त्यांना वाटेल, मी नाइलाजाने राहिले त्यांच्याजवळ. एवढं एक त्यांना वाटायला नको."

आणि मी काय बोलावं? ज्या बाईला दुसऱ्याची प्रत्येक चूक दिसते ती मी म्हणाले, "अहो, पण मग एक काहीतरी ठरवा ना." तिने कप बशीत ठेवला. "त्यात ठरवायचं काय असतं?" एवढंच म्हणाली, आणि पुढचे दोन महिने प्रूफं दुसऱ्याच्या हाती पाठवत राहिली. मी किती मूर्खासारखं बोलले हे मला कळायला त्याहून बराच वेळ लागला. खलाशाचे केस तेवढे आम्ही पान बारावर वाढवून घेतले.

सातव्या पुस्तकात तिने जरा धीर केला. नायिकेला एक मित्र दिला, पुरुषांवर प्रेम करणारा. सलूनमध्ये काम करणारा, हळवा, रंगीत रुमाल बाळगणारा, सगळ्यांना सल्ले देणारा आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात आजारी पडून मरणारा. वाचक रडले, आमचे मालक खूश झाले. मग एका बस कंडक्टरचं पत्र आलं. 'मी तुमच्या त्या मित्रासारखा आहे, म्हणजे त्या एका बाबतीत. बाकी मला कपड्यांतलं काही कळत नाही, मी कोणाला सल्ले देत नाही आणि माझी तब्येत ठणठणीत आहे. मी आणि माझा जोडीदार अकरा वर्षं एका घरात राहतो. तुम्ही त्याला का मारलंत? काम झालं म्हणून?'

हे पत्र वाचून तिचं धाबं दणाणलं. तिने ते टेबलासमोरच्या भिंतीवर बाह्यांच्या कागदी नमुन्यांशेजारी टाचून ठेवलं आणि चार दिवस एक ओळ लिहिली नाही. "ताई, मी स्वतः तशी असून असं लिहिलं," ती मला म्हणाली. "मी त्याला ओळखतच नव्हते. मी फक्त दुसऱ्यांच्या पुस्तकांतून त्याला उचलून आणलं." मग तिने कंडक्टरला माफीचं पत्र पाठवलं आणि पुढच्या पुस्तकांतली तशी प्रकरणं छापायच्या आधी त्याला वाचायला देऊ लागली. त्याचे शेरे माझ्याहून कडक. 'हे दोघं भांडतात कशावरून? भांडण नाही तर ते एका घरात राहतात हे मला पटत नाही.' तिने ओल्या टॉवेलवरून भांडण घातलं. त्याने लिहिलं, 'आता बरोबर. टॉवेल आमच्याकडेही आहे.' ह्या कंडक्टरला तिने स्वतःबद्दलही एकदा कळवलं, बहुधा तो कधीच भेटणार नाही म्हणून. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं. 'आमच्याबद्दल आता नीट लिहिता, स्वतःबद्दल कधी लिहिणार?'

त्यातून अकरावं पुस्तक झालं. त्यात टपाल कचेरीतली एक बाई आहे. आधी ती चष्म्याच्या दुकानातल्या एका बाईवर प्रेम करते. त्यांची ताटातूट होते. मग पंधराव्या प्रकरणात एक काचकाम करणारा माणूस येतो आणि ती त्याच्यावर प्रेम करते. शेवटी दोन्ही प्रेमं जिथल्या तिथे राहतात, कोणी कोणाला पुसत नाही. मी वाचलं आणि मला एकही चूक सापडली नाही. म्हणजे एकवीस सापडल्या, पण त्या वेलांट्यांच्या.

मालकांना मात्र सापडली. आमचे मालक माणूस वाईट नाहीत, त्यांना फक्त वाचकाची फार काळजी, विशेषतः जो अजून दुकानात आलेलाच नाही त्या वाचकाची. "मी काही जुनाट नाही," ते म्हणाले. "दोन बायका असू द्या. पण मग हा पुरुष कशाला? ह्या दोघींचंच ठेवा, धाडसी पुस्तक होईल. नाहीतर पुरुष ठेवा आणि त्या बाईला जवळची मैत्रीण करून टाका. दोन्ही म्हणजे वाचकाचा गोंधळ. मॅडम, एक काहीतरी ठरवा." मी टेबलापलीकडेच बसले होते. माझे कान तापले. मालकांनी पेन्सिल घेतली आणि पंधरा ते वीस ह्या प्रकरणांतल्या प्रत्येक पानावर तिरकी रेघ ओढली. शुक्रवारपर्यंत कळवा म्हणाले.

जिन्यात ती कठड्याला धरून उभी राहिली. मला काहीतरी बोलणं भाग होतं. "मीही एकदा तेच म्हणाले होते तुम्हाला."

"हो," ती म्हणाली. "कुठल्या कपातून चहा पीत होतात तेसुद्धा आठवतंय."

 कठड्यावर तिच्या तळव्याच्या घामाचा ठसा उमटला होता. "मालकांचं मी बघेन," ती म्हणाली. "नाही म्हणाले तर दुसरीकडे जाईन. पण ताई, मी हे पुस्तक ह्यांना वाचून दाखवलेलं नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. ते विचारत नाहीत. नुसते दर बुधवारी शटर अर्धं ओढून बसतात, आणि मी म्हणते, डोकं दुखतंय. तीन बुधवार झाले. आमच्या वन्सं पुस्तक आल्या दिवशी आणतात आणि शेवटापासून वाचायला घेतात. ह्यांना ते वरून कळायला नको." मग तिने सांगितलं की उद्या बुधवार आहे आणि उद्या ती वाचणार आहे. "त्यांनी ऐकून नुसतं तोंड फिरवलं, तरी मी पुस्तक मागे घेईन. छापायचं नाही, आणि पुन्हा लिहायचंही नाही. घर मोडून मला पुस्तक नको. तुम्ही याल का? नुसत्या बसा."

"नवरा-बायकोच्या मध्ये मी कशाला?" मी म्हणाले. पण मला जावंच लागणार होतं, त्या चहाच्या कपापायी.

बुधवारी मी वेळेच्या आधी पोचले आणि कोपऱ्यावर उगाच उभी राहिले. शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेले. मागचं कपाट उघडं, त्यात तयार कोट टांगलेले, गळ्यात टेप घातलेला टेलर मशीनवर. "या ताई. कोट नीट बसतो ना?" बसतो म्हटलं. मी का आले हे त्याने विचारलं नाही. त्यामुळे मी जास्तच अवघडले.

तिने वाचायला सुरुवात केली. पहिली दोन प्रकरणं मशीन व्यवस्थित चालू होतं. तिसऱ्यात चष्म्याच्या दुकानातली बाई आली. काचेवरचा बारीक आकडा वाचायला ती वाकली आणि वाकण्याआधी तिने मानेवरचे केस वर उचलून धरले. मशीन थांबलं. आता तो खांदा विचारणार असं मला वाटलं. तिचे हात सवयीने मांडीवरून अर्धे वर आले होते. त्याने काही विचारलं नाही. तिने हात खाली घेतले.

"वाच," तो म्हणाला.

मधली वर्णनं गाळत ती वाचत राहिली. मशीन पुन्हा सुरू झालं नाही. दोघी एका छत्रीत घरी येतात, दोघी एका खोलीत राहतात, एकीला दूरची नोकरी लागते. तिचा आवाज कोरडा पडत गेला. दोनदा ती पाणी प्यायला थांबली आणि दोन्ही वेळा पेला रिकामा होता. चौदावं प्रकरण संपलं तेव्हा तिने कागद खाली ठेवले. "अहो," ती म्हणाली. "ही बाई..."

"माहीत आहे," टेलर म्हणाला.

त्याने खण उघडला, मापवही काढली, शेवटचं पान उलगडलं आणि माझ्यासमोर ठेवली. तिच्यासमोर नाही. "ताई, चुका शोधणं हे तुमचं काम. ह्यात शोधा."

दहा नावं होती. मास्तर, डॉक्टर, खलाशी, सगळे. उंची कोणाची साडेपाच फूट, कोणाची सहा. छाती छत्तीसपासून बेचाळीसपर्यंत. खांद्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच आकडा. मी तो मोठ्याने वाचला. "साडेतेरा. साडेतेरा. सगळे साडेतेरा."

"सहा फुटी खलाशाचा खांदा साडेतेरा नसतो," टेलर म्हणाला. "कुठल्याच बाप्याचा नसतो. पहिल्यांदा वाटलं, हिचा अंदाज चुकला. दुसऱ्या पुस्तकालाही तेवढाच आला, सूतभर इकडेतिकडे नाही. हातांना असं माप पाठ होतं ते माणसाला पुष्कळदा धरल्यावर. मी चाळीस वर्षं हेच करतो. बाईचा खांदा मला कळत नाही का?"

ती टेबलाची कड धरून बसली होती. "मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? वाटायचं, तूच सांगशील. मग वाटायला लागलं, नाही सांगितलंस तर बरं." तो टेप बोटाला गुंडाळत होता आणि सोडत होता. "तिचं मला काही वाटलं नाही. म्हणजे, वाटलं थोडं. पण ते माझ्याआधीचं, आणि तुला आवडली म्हणजे चांगलीच असणार. मला खात होतं ते वेगळं. दहा पुस्तकं ऐकली मी. तू हात वर केलेस की दर वेळी टेप घेऊन उठताना मनात म्हणायचो, ह्या वेळी माझं माप येईल. एकदा तरी येईल. नाही आलं."

 बाहेरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत होते. मला उठून जावंसं वाटलं, पण शटरखालून वाकून जायचं म्हणजे त्या दोघांच्या मधून जायचं. मी तशीच बसून राहिले.

मग ती हळूच म्हणाली, "अहो, पुस्तक संपलेलं नाहीय. पंधरावं राहिलंय."

पंधराव्याच्या पहिल्याच पानावर मालकांची रेघ होती. तिने रेघेखालून वाचायला सुरुवात केली. टपाल कचेरीची फुटलेली खिडकी बसवायला काचकाम करणारा माणूस येतो. तोंडात खिळे धरायची सवय असल्याने फार बोलत नाही. काच बसवताना एक कपची उडून बाईच्या केसांत अडकते. तो हातातली हत्यारं खाली ठेवतो, तोंडातले खिळे काढतो, हात पुसतो आणि म्हणतो, "केसांत काच आहे. हात लावतो हं." आणि ती हो म्हणेपर्यंत थांबून राहतो. मागे रांग लागलेली असते, लोक कुरकुर करत असतात, आणि बाईला एकदम कळतं की आपल्याला इतकं जपून आजवर कोणी विचारलेलं नाही. त्या 'हं'पाशीच ती त्याची होते. तिथून पुढे तिचं काही चालत नाही.

टेलर मान खाली घालून बसला होता. मान वर न करताच त्याने विचारलं, "खांदा किती ह्याचा?"

तिने कागद बाजूला ठेवले आणि हात वर केले. हात लांब लांब गेले, वहीतल्या साडेतेराच्या कितीतरी पलीकडे. आणि उजवा हात डाव्यापेक्षा खालीच राहिला. तो तिने सरळ केला नाही. टेलर उठला. "टेप लावतो हं," म्हणाला. मोजलं, वहीत लिहिलं. आकडा बोलला नाही. मग त्याने टेप माझ्या हातात दिली.

"ताई, माझं घ्या जरा. मला माझ्या पाठीवर हात पोचत नाही."

मागाहून मला कळलं की तो स्वतःचे शर्ट जुना शर्ट उसवून त्यावरून बेततो. चाळीस वर्षांत त्याचं माप कोणी घेतलंच नव्हतं. तो पाठमोरा उभा राहिला. मी जन्मात समासापलीकडे काही मोजलेलं नाही. 

"टेप लावते हं," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. मी ह्या खांद्याच्या टोकापासून त्या खांद्याच्या टोकापर्यंत टेप धरली, चष्मा वर करून पाहिलं, खात्री करायला पुन्हा पाहिलं. "पावणेअठरा."

तिने वही ओढून घेतली. अकराव्या ओळीवर बोट ठेवून तिने वाचलं, "पावणेअठरा. उजवा उतरता." आणि ती रडायला लागली. गेले तीन आठवडे साठलेलं सगळं बाहेर आलं. टेलर माप संपलं तरी पाठ करूनच उभा होता. मग त्याने बाहीने तोंड पुसलं आणि मशीनवर जाऊन बसला.

मी लाल पेन काढलं. आमच्या कामात खोडलेल्या मजकुराखाली टिंबं दिली की त्याचा अर्थ होतो, होतं तसं राहू द्या. मालकांनी खोडलेली सहा प्रकरणं, त्रेसष्ट पानं. मी पंधराव्याच्या पहिल्या ओळीपासून टिंबं द्यायला घेतली. मालकांना काय सांगायचं ते मी शुक्रवारी बघणार होते.

"पुढे वाच," टेलर म्हणाला.

तिने डोळे पुसले, सोळावं प्रकरण काढलं आणि लगेच तिच्या कपाळावर आठी आली. "ह्यात ते दोघं भांडतात. चालेल ना?"

"कशावरून?"

"कपाटावरून. तो कधी दार लावत नाही."

"मी लावतो की," टेलर म्हणाला आणि त्याने मशीन सुरू केलं. त्याच्या मागे कपाट सताड उघडं होतं.